सूर्यास्ताआधीचं ताट

संवत्सरीच्या दिवशी जैनांची दुकानं बंद असतात, फोन मात्र बंद नसतात. रिषभचा फोन सकाळपासून खिडकीत चार्जिंगला लावलेला, आणि घटकाभर गप्प बसेल तर शपथ! मिच्छामी दुक्कडम्. हात जोडलेली चित्रं, गुलाबी कमळं, गोल फिरणारे दिवे. ‘वर्षभरात जाणता-अजाणता आमच्याकडून आपलं मन दुखावलं असेल, तर मन-वचन-कायेनं क्षमा मागतो.’ सुरतेच्या दलालाकडून आलं, विमावाल्याकडून आलं, ज्याचं तोंड दोन वर्षांत पाहिलं नव्हतं त्या चुलत मेहुण्याकडून आलं. वर्षातून एकदा सगळ्यांची माफी मागायची आणि सगळ्यांना माफ करायचं, असा हा दिवस. दिवस चांगलाच आहे. फक्त ज्याने खरोखर कुणाचं काळीज दुखावलेलं असतं, तोही हेच कमळ पाठवतो, आणि ते कमळ वेगळं काढता येत नाही.

रिषभनेही सकाळीच एक कमळ निवडून सगळ्या यादीला पाठवून दिलं होतं. मग सहज यादी खाली सरकवताना त्याला दिसलं, की बाबूजींच्या नंबरावरही ते गेलंय. बाबूजींना जाऊन सहा महिने झाले होते. त्यांचा फोन कपाटात बंद पडून होता. रिषभने तो मेसेज पुसून टाकला आणि फोन उलटा ठेवला.

बाबूजी म्हणजे रिषभचे वडील, किशनलाल. नंदुरबारच्या बाजारपेठेत खाली साड्यांचं दुकान आणि वर घर, अशा मारवाडी घराण्यात तीन पिढ्या सगळ्यांनी गज आणि कात्री हातात धरली. किशनलाल तेवढा भलत्या वाटेने गेला आणि पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर झाला. घरात मारवाडी, गावात अहिराणी, सरकारी कागदावर मराठी अशा तिन्ही भाषांत तो माणूस आयुष्यभर एकच गोष्ट बोलत राहिला : पाणी कुठून येतं आणि कुठे जातं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्यांचं लक्ष आधी मोरीच्या उताराकडे जायचं. रिषभला लहानपणी याची गंमत वाटे आणि मोठेपणी लाज.

पण बाबूजींची खरी ओळख पाण्याने होत नव्हती. ती होत होती सूर्याने. त्यांच्या घरात सूर्य मावळल्यावर कुणी जेवत नाही, पाण्याचा घोटही घेत नाही. लहरीबाई नवी नवरी म्हणून या घरात आल्या आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी ठरवून टाकलं, की नवरा घरी आल्याशिवाय आपलं ताट वाढायचं नाही. ऐकायला गोड आहे. पण नवरा अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात विहिरी आणि टाक्या बांधत हिंडणारा! त्याला उशीर झाला की सूर्य मावळायचा आणि दोघंही सकाळपर्यंत उपाशी. एकदा मणिबेलीहून परतताना होडीचं इंजिन मधेच बंद पडलं. किशनलाल घरी पोचले तेव्हा दिवे लागून गेले होते, आणि पोटात रिषभ असलेल्या लहरीबाई झाकलेल्या ताटासमोर बसून होत्या. त्या माणसाने आयुष्यभर पुन्हा उशीर केला नाही. साहेब लोक थट्टा करायचे, की किशनलालचं घड्याळ कंपनीने बनवलेलं नाही, बायकोने बनवलंय. त्यांना नाशिकला बढती मिळाली तेव्हा त्यांनी ती नाकारली. कारण विचारल्यावर म्हणाले, “नाशिकहून सूर्यास्ताआधी नंदुरबारला कसा पोचणार?”

रिषभ लहान असताना रोज संध्याकाळी याच खिडकीत उभा राहायचा. जीप दिसली की ओरडायचा, आणि आत मम्मी दोन ताटं घ्यायची. बारावीत तो दोनदा आपटला तेव्हा गल्लीभर कुजबुज झाली, इंजिनिअरचा पोरगा म्हणून. बाबूजींनी कपाळाला आठी घातली नाही. आपल्या भावांना विनवून त्याला दुकानात बसवलं आणि म्हणाले, “एका वाटेने पाणी चढत नसेल तर दुसरी वाट काढायची. पाण्यावर रागवायचं नसतं.” असा बाप. अशा बापाशी रिषभ जे वागला, ते या घरात एकट्या रिषभलाच ठाऊक होतं.

दुपारी ओळखीच्या बायका लहरीबाईंना भेटायला आल्या. लहरीबाईंनी यंदा अठ्ठाई केली होती, म्हणजे आठ दिवस निव्वळ उकळलेल्या पाण्यावर. आज आठवा दिवस, उद्या सकाळी पारणं. आवाज बारीक झाला होता, पण बोलायची हौस तशीच होती. त्यांच्याशेजारी पितळी नळाचं एक दुहेरी भांडं होतं. उकळलेलं पाणी लवकर निवावं म्हणून बाबूजींनी ते स्वतः जुळवून दिलं होतं. बायकांनी त्याचं कौतुक केलं आणि विषय आपोआप त्यांच्यावर आला.

“शेवटी शेवटी लहान मूल झाले होते,” लहरीबाई म्हणाल्या. “काही लक्षात राहायचं नाही. आमच्या नातीच्या, जिनलच्या सगाईनंतरची, लग्नाआधीची गोष्ट. सुरतेचे पाहुणे होते, घरभर माणसं. मी सगळ्यांना वाढलं, आवरलं, आणि हे दारात येऊन उभे. म्हणाले, माझं ताट? मी म्हटलं, अहो, आत्ता तर जेवलात! तर माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, ‘जेवलो का? बरं.’ आणि गेले.” बायका हसल्या, मग त्यांनी डोळे पुसले. लहरीबाईंनीही पुसले. ही गोष्ट त्यांनी उठावण्याच्या शोकसभेलाही सांगितली होती, मासिक पाठालाही सांगितली होती. मेलेल्या माणसाच्या अशा गोड गोष्टी घरातल्यांना सांगाव्याशा वाटतात. रिषभ दाराशी उभा होता. ही गोष्ट निघाली की तो तिथून उठायचा, आजही वळला, तोच जिन्यात रनाळ्याचे सुपडूभाऊ दिसले.

सुपडू पाटील रनाळ्याच्या पाणी समितीवर वर्षानुवर्षं होते. गावची पहिली टाकी बाबूजींनी बांधली तेव्हापासूनची दोघांची ओळख. टोपी काढून ते बाबूजींच्या फोटोच्या पाया पडले आणि समोरच्या खोलीत रिषभजवळ बसले.

“च्या-पानीनी तकतक करू नका रिषभशेठ. आज तुमना उपास ऱ्हास, माले ठाऊक शे. दरसाल ह्या दिवसले साहेबस्ना फोन ये. ‘सुपडू, मन्ही चूक व्हयनी ती माफ कर.’ मी म्हनू, साहेब, तुम्ही काय चूक करी? ते सांगेत, ‘रनाळानी टाकीनं काम मी लांबाडं, तुमन्या बायास्ले दूरथून पानी आनं पडनं.’ कवयनी जुनी गोठ! औंदा फोन उना नही. मंग म्हनं, आपनच जावूत.”

हेही खरं होतं. बाबूजींनी कधी कमळ पाठवलं नाही. ते ज्याच्याकडे जायचे त्याला नेमकी चूक सांगायचे. ‘श्रावणात तुला चारचौघांत बोललो.’ ‘तुझ्या वरणाला नावं ठेवली.’ मोलकरणीसमोरही हात जोडायचे, की ओली फरशी तुडवली. घरातली सगळी हसायची. माफी मागायची तर मोजमाप घेऊनच मागतात, म्हणायची.

“एक गोठ मन्हा मनमा ऱ्हाई गयी शेठ,” सुपडूभाऊ म्हणाले. “मांगला सालना उन्हाळामा मी साहेबस्कडे उनू व्हतू. आमनी नवी टाकीमा पानी चढे नही. साहेब म्हनेत, ‘सुपडू, आते मन्हावर भरोसा ठेवू नको. मन्हं डोकं गयं. सख्खी नातनी सगाईनी वेळ मी इसरी गऊ. तू दुसरा इंजिनिअरले इचार.’ मी उठनू, जिनामा गऊ, तवशी मांगेथून हाक मारी. ‘म्हसोबाना चढवर पाइपमा हवा कोंडायेल व्हई. तठे हवाना वाल बसाडी पहाय. पन पहिले दुसराले इचारी ले हं.’ आम्ही कोनलेच इचारं नही. वाल बसाडा आनि टाकी भरनी.”

त्यांनी हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली.

“मंग माले एक सांगा. जेले रनाळाना म्हसोबाना चढ ध्यानमा शे, तो सगाईनी वेळ कसा इसरस?”

“वय झालं होतं, सुपडूभाऊ,” रिषभ म्हणाला.

“हां. ते बी शे,” असं म्हणून म्हातारा टोपी घालून उठला. जाताना त्याने रिषभलाच हात जोडले, साहेबांच्या ऐवजी. रिषभनेही जोडले. म्हातारा जिना उतरून गेला तरी ते त्याला सोडवेनात.

कारण बाबूजी काहीच विसरले नव्हते.

रिषभच्या मुलीचं, जिनलचं स्थळ सुरतेचं होतं. मोठं घर, साड्या रंगवण्याची स्वतःची मिल, आणि रिषभच्या दुकानातला अर्धा माल त्यांच्याच ओळखीने येणारा. रिषभला आकाश ठेंगणं झालं होतं. पाहुणे बोलणी करायला आले, सगळं गोडीत चाललं होतं, आणि बाबूजींनी मुलाच्या आजोबांना विचारलं, “तुमच्या मिलचं रंगाचं पाणी कुठे जातं?” आजोबांनी हसून विषय बदलला. बाबूजींनी परत तिथेच आणला. नुसतं विचारून थांबले नाहीत, ते कसं गाळता येईल हे पेल्यांची मांडामांड करून समजावू लागले. पाहुणे गेल्यावर रिषभ बायकोला, हीनाला म्हणाला, “बाबूजी एक दिवस हे लग्न मोडणार.” हीना म्हणाली, “अहो, त्यांचा स्वभाव आहे, ते लोक समजून घेतील.” पण रिषभच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच.

सगाईत, म्हणजे साखरपुड्यात, मुलाला पहिला टिळा मुलीच्या आजोबांनी लावायचा असतो. टिळा लावायचा म्हणजे पाहुण्यांच्या मधोमध बसायचं, आणि बसलं की बोलायचं. सगाई समाजाच्या भवनात होती. बायका आदल्या दिवशीच तिकडे मुक्कामाला गेल्या होत्या. बाबूजी मात्र घरी राहिले, कारण सकाळी नळाला पाणी यायची पाळी होती आणि टाकी ते कुणाला भरू द्यायचे नाहीत. मुहूर्ताची वेळ रिषभने ठरवली आणि सगळ्यांना रिषभनेच सांगितली. बाबूजींना त्याने तासभर उशिराची सांगितली. सांगताना त्याला फार काही वाटलंही नाही. एक तासाचा तर प्रश्न, त्याने स्वतःला समजावलं, टिळा बाबूजींचे भाऊ, काकाजी लावतील, नंतर बाबूजी येऊन आरामात जेवतील.

मुहूर्त जवळ आला तसे सगळे दाराकडे बघू लागले. लहरीबाई अस्वस्थ झाल्या. “फोन लाव ना रे,” म्हणाल्या. “लावला, उचलत नाहीत,” रिषभ म्हणाला. लावला नव्हता. मग मुलाच्या आजोबांनी विचारलं, तेव्हा तो आवाज खाली आणून म्हणाला, “वयामुळे हल्ली विसर पडतो त्यांना.” किती सहज निघालं ते तोंडातून! काकाजींनी टिळा लावला, टाळ्या झाल्या, फोटो झाले.

मग बाबूजी आले. सांगितलेल्या वेळेच्या थोडे आधीच. पांढरी सफारी कडक इस्त्रीची, हातात नारळ, खिशात केशराची डबी. दारातच थबकले. मुलाच्या कपाळावरचा ओला टिळा त्यांनी पाहिला, मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग रिषभकडे पाहिलं.

“बाबूजी, मी दहाच सांगितलं होतं,” रिषभ चारचौघांत म्हणाला.

त्याने तेव्हा नजर चुकवली नाही, हेच त्याला पुढे जास्त छळत राहिलं. बाबूजींच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललं. आपला मुलगा खोटं बोलतोय हा एक हिशोब, आणि आपण विसरलो हा दुसरा. त्यांनी दुसरा खरा धरला. “असेल,” म्हणाले. “मीच चुकलो.” नारळ जिनलच्या हातात दिला आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. त्या दिवशी ते पाहुण्यांशी एक अक्षर बोलले नाहीत. रिषभला हवं होतं तेच झालं.

मुलाचा शब्द खरा मानायला त्या माणसाने आपलंच डोकं खोटं ठरवलं, आणि एकदा ठरवल्यावर अर्ध्यात सोडलं नाही. इंजिनिअर होते ते. एका खांबाला तडा गेला तर सगळी इमारत रिकामी करायची, या शिस्तीतले. दोनच दिवसांनी स्कूटरची किल्ली रिषभच्या हातात ठेवली. “रस्त्यात कुणाला धडक बसायला नको.” डॉक्टरांकडे एकटेच जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे, पण बाबूजींनी डॉक्टरांवर विश्वास ठेवला नाही. टाकी भरायचं काम हीनाकडे गेलं. लहरीबाई त्यांच्यामागे गॅस बंद आहे ना ते बघू लागल्या. आल्यागेल्याला सांगू लागल्या, त्यांचं बोलणं मनावर घेऊ नका. घरात काही सापडेनासं झालं की ते नेलं बाबूजींनीच, असं सगळ्यांनी धरलं. बाबूजींनीही धरलं. आयुष्यभर जो माणूस घरी येऊन सांगायचा की आज अमक्या पाड्याला पाणी पोचलं, तो आता विचारायचा, “आज वार कोणता, लहरी?” वार त्यांना ठाऊक असायचा. फक्त खात्री करून घ्यायचे.

रिषभ हे सगळं बघत होता. किती वेळा ओठांवर आलं. दुकान बंद करताना ठरवायचा, आज वर गेलो की सांगतो. वर गेला की बाबूजी खिडकीत बसलेले असायचे, आणि तो हातपाय धुवायला निघून जायचा. आता सांगून काय उपयोग, लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू. लग्न झालं. थंडी सरू दे. फाल्गुनात एका दुपारी बाबूजी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्यांच्याच इच्छेप्रमाणे डोळे दान केले. उठावण्याला जो तो म्हणाला, असा कुटुंबवत्सल माणूस होणे नाही. रिषभने मान डोलावली आणि सगळ्यांना हात जोडले.

आणि गेल्या वर्षीची संवत्सरी, ती तर विसरू म्हणता विसरत नव्हती. लहरीबाईंचा तेव्हा तीन दिवसांचा उपास होता. पारण्याच्या सकाळी उपास करणाऱ्याला घरातल्या प्रत्येकाने एक एक चमचा मुगाचं पाणी पाजायचं, आणि पहिला चमचा बाबूजींचा, हा या घरचा नेम. त्यांनी तो दिला आणि मग ते रिषभसमोर येऊन उभे राहिले, हात जोडून. सत्तरीचा बाप, जरा वाकलेला.

“रिषभ, जिनलच्या सगाईला मी वेळेवर आलो नाही. तू सांगितलेली वेळ मी विसरलो. चार माणसांत तुझी मान खाली गेली. मला माफ कर.”

तेव्हा सांगायचं होतं. यापेक्षा सोपी जागा देवानेही दिली नसती. रिषभ म्हणाला, “असू द्या बाबूजी. होतं असं.”

त्याने माफ केलं त्यांना!

आज संध्याकाळी प्रतिक्रमणाला, म्हणजे वर्षभराच्या दोषांची क्षमा मागायच्या पाठाला, जैन स्थानकात बसल्यावर त्याला ते सगळं पुन्हा दिसलं. शेजारची जागा, जिथे बाबूजी आपलं आसन अंथरायचे, कुणी दुसऱ्याने घेतली होती. सगळ्यांबरोबर तोही पाठ म्हणत होता. सगळ्या जीवांची क्षमा मागून झाली, अगदी पाण्यातल्या आणि मातीतल्या जीवांचीसुद्धा. उठताना लोक एकमेकांना हात जोडत होते, तोही जोडत होता, आणि त्याला सुपडूभाऊंचा प्रश्न ऐकू येत होता. उद्या सकाळी मम्मीला पहिला चमचा आपल्याला द्यायचाय, हे त्याच्या लक्षात आलं, आणि मग त्याला दुसरं काही सुचेना.

सकाळी ऊन जिन्यापर्यंत आलं तेव्हा सगळे लहरीबाईंच्या खोलीत जमले. जिनल परवाच सुरतेहून आली होती, ती आजीच्या पाठीशी उशी लावून बसली. हीनाने मुगाच्या पाण्याची वाटी आणि चांदीचा चमचा आणला. समोर भिंतीवर बाबूजी, सफारीतले, त्याच सगाईच्या दिवशीच्या फोटोतून कापून मोठे केलेले. हसत नव्हते.

“रिषभ, ये. पहिला तुझा,” लहरीबाई म्हणाल्या.

त्याने चमचा भरला. थोडं पाणी चादरीवर सांडलं.

“मम्मी, आधी माफी मागायची आहे.”

“दिली रे, दिली. सगळ्यांना दिली,” त्या हसून म्हणाल्या. “आधी चमचा दे, घसा सुकलाय माझा.”

“नाही. ऐक आधी.”

आणि त्याने सांगितलं. बाबूजी सांगायचे तसं, नेमकं. दहाची वेळ होती, मी त्यांना अकरा सांगितली. मुद्दाम. त्यांनी पाहुण्यांशी बोलू नये म्हणून. फोन केला म्हणालो, केला नव्हता. विसरतात म्हणालो, ते विसरत नव्हते. चारचौघांत त्यांना खोटं पाडलं, आणि ते माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले तेव्हाही गप्प बसलो. बोलताना तो फोटोकडे बघत नव्हता आणि आईकडेही नाही, चमच्याकडे बघत होता. सगळं सांगून झाल्यावर त्याला खरंच थोडं हलकं वाटलं. छातीवरचा दगड सरकला असं म्हणतात, तसं.

पहिल्यांदा जिनल बोलली. “पप्पा, दादाजी माझ्याकडेही आले होते. हात जोडून. मी त्यांना म्हटलं, दादाजी, रोज बदाम खात जा.” ती आजीच्या पाठीमागून पुढे आली. “ते खायला लागले हो. रोज मोजून खायचे.”

हीना तोंडाला पदर लावून उभी होती. लहरीबाई मात्र रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्या काहीतरी जुळवत असाव्यात तसं त्यांचं कपाळ आक्रसलं होतं.

“म्हणजे ते विसरत नव्हते,” त्या म्हणाल्या.

“नाही मम्मी.”

“कधीच?”

“नाही. चांगलं होतं त्यांचं डोकं. शेवटपर्यंत.”

“मग त्या संध्याकाळी ते जेवले नव्हते,” लहरीबाई म्हणाल्या.

कुणालाच आधी कळलं नाही. मग रिषभला कळलं, आणि हलकं वाटलेलं सगळं जागच्या जागी परत आलं.

“त्यांच्या पाटावर जिनलचे सासरे बसले होते,” लहरीबाई हळूहळू बोलत होत्या, जणू त्यांना ते समोर दिसत होतं. “मी घाईत होते. पाठमोरी पांढरी सफारी बघितली आणि वाढत गेले. हे दारात येऊन म्हणाले, माझं ताट? ऊन होतं अजून भिंतीवर. मी म्हटलं, जेवलात. ते म्हणाले, जेवलो का? बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, सूर्य वर यायच्या आधीपासून. मी म्हटलं, आज कसली घाई? तर म्हणाले, ‘काही नाही, असंच.’ भुकेले होते रे ते. पोट सांगत होतं त्यांना, आणि त्यांनी माझं ऐकलं. आणि मी ती गोष्ट गावभर सांगत फिरले. हसत.”

“मम्मी, तुझी काय चूक त्यात! मी—”

“तुला माफ केलं,” त्या म्हणाल्या. “आजच्या दिवशी नाही म्हणायचं नसतं. होतं असं.” मग फोटोकडे बघत म्हणाल्या, “तुला माफ करायला मी तरी आहे. मला कोण आहे?”

रिषभने चमचा पुढे केला. दुसरं काय करावं हे त्याला कळेना. लहरीबाईंनी त्याचं मनगट हळूच बाजूला सारलं.

“हीना, वाटी आत ने. आजचाही उपास धरते मी. पारणं उद्या करीन.”

“दादीजी, आठ दिवस झाले तुम्हाला!” जिनल रडत म्हणाली. “तब्येतीचं काय?”

“ते आठ माझे. हा त्यांच्या त्या संध्याकाळचा,” लहरीबाई म्हणाल्या आणि उशीला टेकून त्यांनी डोळे मिटले.

हीना वाटी न्यायला थांबली होती. रिषभने चमच्यातलं पाणी वाटीत परत ओतलं. त्या दिवशी संध्याकाळी घरात सगळ्यांची ताटं वेळेवर वाढली गेली. रिषभ आपल्या ताटासमोर बसून राहिला, भिंतीवरचं ऊन सरेपर्यंत, आणि मग ते तसंच झाकून उठला.